मैनाबाईचं पोट

गुरुवार सरला, शुक्रवार उजाडला, तरी मैनाबाईच्या पोटातून साधा वारासुद्धा सरला नव्हता. परसाकडचं तर नावच नको. चार दिवस झाले. पोट असं तट्ट फुगलं होतं की नेसूची गाठ बसेना, आणि मधूनच आतून अशी कळ उठायची की हातातली वाटी खाली पडावी. अन् घरात काय चाललं होतं? तर रविवारच्या साक्षगंधाचे लाडू वळणं! धाकट्या लेकीचं, अपेक्षाचं जमलं होतं. दारव्ह्याहून पोराचा बाप डोमाजी अन् त्याची मंडळी पोरीला कुंकू लावून सोयरीक पक्की करायला येणार होती, साठ पानं उठायची होती. पोराचा मामा दिग्रसचा डॉक्टर, आत्या मास्तरीण, घर तालेवार. अशा वेळी घरच्या मालकिणीनं आजारी पडावं म्हणजे शोभत नाही, असंच जो तो मनात म्हणत होता. तोंडानं मात्र उपाय सांगत होता.

नवऱ्याचा, नानाजीचा, जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय. एरंडेल. बुधवारी संध्याकाळी त्यानं स्वतः चहात ओतून पाजलं. "माह्या बापानं आयुष्यभर हेच घेतलं," म्हणाला. "सकाळी पाह्य, कशी मोकळी होतं." मोकळी कसली होते! रात्रभर पोटात कोणी मुसळानं कांडतंय असं झालं, आणि सकाळी घेतलेलं सगळं वरूनच परत आलं.

मग शेजारची मानीबाई आली. बेंबी सरकली म्हणाली. तेल चोपडून अंगठ्यानं बेंबीभोवती अशी रेटारेटी केली की मैनाबाईनं तिचा हातच झिडकारला.

"काहून वं मैना," मानीबाई तेलाचा हात पुसत म्हणाली, "तुई पिशवीच काढली ना नागपूरले? मंग हा चिरा असा उभा काहून? बेंबीच्या वरतलग आला. माहा त आडवा हाय, खाली, बोटभर."

"मोठ्या शहरातले डॉक्टर मोठे, त चिराही मोठा," मैनाबाई म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. लेकानं, कपिलनंच तसं सांगितलं होतं.

शुक्रवारी सकाळची उलटी मात्र वेगळी होती. घमेलं धरून सून, कपिलची बायको बबिता बसली होती. आलेलं पाणी काळसर होतं आणि त्याला परसाकडचा वास होता. बबितानं एकदा घमेल्यात बघितलं, एकदा सासूच्या तोंडाकडे बघितलं, आणि काही न बोलता उठून अंगणात गेली. भिंतीपलीकडे कपिल मंडपवाल्याशी फोनवर बोलत होता. मैनाबाईचं पोट बिघडलं होतं, कान नाही.

"अजी, आईले आत्ताच्या आत्ता नेलं पाह्यजे."

"कुठं नेतं?" कपिलचा आवाज दबका. "यवतमाळले नेलं त डोमाजीभाऊ म्हणतीन, घरचा डॉक्टर सोडून हे लोक बाहीर कायले गेले? त्याहिचा अपमान होते. अन् दिग्रसले मामाच्या दवाखान्यात नेलं त मामा खोदून खोदून इचारंल."

"इचारू द्या ना."

"बबिता, तुले शप्पत हाय. पोराच्या डोक्यावर हात ठिवला होता तू."

मैनाबाई ऐकत होती. खरं सांगायचं तर अर्धं तिलाही पटलं. लेकीचं साक्षगंध दोन दिवसांवर, आणि होणाऱ्या नात्यातल्या माणसापुढे असं पोट घेऊन जायचं म्हणजे लाजच. फक्त शपथ कसली ते कळेना. पण तेवढ्यात पुन्हा कळ आली आणि शपथेचा विचार तिथंच राहिला.

"दिग्रसलेच न्या," तिनं आतूनच आवाज दिला. "म्हणजा मामाले, गॅस झाला."

*

मामा-डॉक्टरांनी त्यांना बघितलं आणि आधी चहा सांगितला. नातंच तसं होणार होतं, माणूस करणार काय! "या मावशी, या नानाजी," म्हणत स्वतः दारापर्यंत आले. पण मैनाबाईच्या पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. चहा तसाच राहिला. एक्स-रे काढला, सोनोग्राफी झाली, आणि पाठोपाठ नर्सनं नाकातून एक नळी घातली ती पार पोटात. घालताना मैनाबाईनं तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण नळीला लावलेल्या पिशवीत ते घाण पाणी भराभर उतरायला लागलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिला धड श्वास घेता आला. डोकं ताळ्यावर आलं. आणि डोकं ताळ्यावर आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की डॉक्टर विचारतायत तिला आणि उत्तरं देतोय कपिल.

"मावशी, भूक कधीपासून कमी झाली?"

"झाले दोन-चार दिस," कपिल.

दोन-चार दिवस? दोन महिने झाले होते. अर्धी भाकर गेली की पोट भरल्यासारखं व्हायचं.

"वजन कमी झालं का?"

"नाही जी, तशीच हाय."

"अबे," मैनाबाई नाकातल्या नळीसकट म्हणाली, "पोट माहं दुखून राह्यलं. कळा का तुले येऊन राह्यल्या?"

कपिल ओशाळा हसला. डॉक्टरही हसले, पण थोडंच. "आधी काही ऑपरेशन?"

"पिशवी काढली, दोन वर्षं झाली," कपिलनं घाईनं सांगितलं.

"कशासाठी?"

"अंगावरून लय जाय तिच्या."

मैनाबाईनं मान वळवून पोराकडे बघितलं. अंगावरून? तिचं अंगावरचं बंद होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती! ती गेली होती पोट वाढायला लागलं म्हणून. पोटात पाणी झालं म्हणून. पोरगा तोंड वर करून खोटं बोलत होता, तेही आईच्या अशा गोष्टीबद्दल, परक्या माणसासमोर. आणि शेजारी उभा असलेला नानाजी खाली फरशीकडे बघत होता. हा माणूस खोटं ऐकताना नेहमी खाली बघतो, हे चाळीस वर्षांच्या संसारात ती शिकली होती.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "माह्या अंगावरून काही जात नोहतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नानाजी, कपिलराव, तुम्ही बाहेर बसा. मला मावशींना तपासायचं आहे. सूनबाई थांबतील."

दोघं बाहेर गेले. डॉक्टरांनी दार लावलं आणि पोटावरच्या चिऱ्यावरून बोट फिरवलं, खालपासून बेंबीच्या वरपर्यंत. "नुसत्या पिशवीसाठी एवढं उघडत नाहीत, मावशी. गाठ होती का? तपासणीचा कागद आला असेल."

"मले काही दाखवलं नाही." मैनाबाईनं बबिताकडे बघितलं. सुनेच्या डोळ्यांतून धार लागली होती. "बबिता. बोल."

"मले शप्पत हाय, आई."

"कोणाची?"

"पिंट्याची. यायनं त्याच्या डोक्यावर माहा हात ठिवला. म्हणे, तोंडातून शबद काढशीन त पोरगं जाईन." बबितानं पदरानं नाक पुसलं. बाई साधी, पण बावळट नव्हती. जरा थांबून ती म्हणाली, "तोंडातून काढाची शप्पत हाय. मान हलवाची नाही."

काय सून म्हणावी! मैनाबाईला त्या अवस्थेतही तिचं कौतुक वाटलं. "डॉक्टरसाहेब, इचारा तुम्ही. ते मान हलवते."

डॉक्टरांनी बबिताकडे बघितलं. "गाठ होती?"

मान हलली.

"पिशवीच्या बाजूला, अंडाशयाला?"

हलली.

"कॅन्सरची?"

बबितानं सासूचा हात घट्ट धरला आणि मान हलवली.

मैनाबाईला रडू आलं नाही. आधी तिला आठवला तो नागपूरचा वार्ड. आठ-दहा खाटा, आणि प्रत्येक खाटेवर टकलं माणूस. तिचेही केस तिथंच गेले होते. "अवशद गरम पडलं," लेकीनं, प्रेरणानं सांगितलं होतं. "ह्या ताकदीच्या बाटल्या हायेत." तेव्हा मैनाबाईनं विचारलंही होतं, की काहून वं, ह्या साऱ्यायची पिशवी काढली काय? त्यात बाप्येही हायेत, त्यायची कोणती पिशवी काढली? सगळे हसले होते. तीही हसली होती! आपल्याच थट्टेवर आपण हसलो, आणि कपिल-प्रेरणा तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली, तेव्हा वाटलं हसू आवरायला गेली. सहा बाटल्या घेतल्या तिनं. सहाही वेळा ताकद यायची वाट बघितली. खुळ्यासारखी!

"आपलीच मोरी अन् मुताची चोरी," ती म्हणाली. आवाज रागानं चढला होता. "पोट माहं, अन् त्यात काय हाय हे साऱ्या घराले ठाव. एक मलेच नाही."

"मलाही नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचाही आवाज चढला होता. "मी काय समजत होतो? जुन्या टाक्यांमुळे आतडं चिकटलं असेल. नळी घालून दोन-तीन दिवस वाट बघू, सुटेल. मी तर वाटच बघत बसलो असतो, मावशी!" मग थांबून त्यांनी विचारलं, "घरी काही दिलं होतं का?"

"एरंडेल."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आतडं पुढून बंद, आणि तुम्ही मागून जोर लावला. फाटलं असतं म्हणजे?"

*

दुपार टळायच्या आत सगळे त्या एका खोलीत जमले. मैनाबाईनंच जमवले. अपेक्षा दिग्रसच्याच पतसंस्थेत कामाला होती, ती तशीच धावत आली. प्रेरणा साक्षगंधासाठी नागपूरहून निघालीच होती. डॉक्टरांनी तिला फोनवर असं काही सुनावलं की ती नागपूरच्या वेशीवरूनच मागे फिरून घरून फाइल घेऊन आली. निळी, जाडजूड फाइल. दोन वर्षं ती प्रेरणाच्या कपाटात साड्यांखाली होती. मैनाबाईनं ती मांडीवर घेतली. आतलं सगळं इंग्रजी. पण वर तिचं नाव होतं.

"आता सांगा," ती म्हणाली. "कोण म्हणलं होतं, बुढीले सांगू नोका?"

नानाजी बोलला. "मी म्हणलं. तुले धसका बसला असता."

"धसका तुम्हाले बसला. तुम्हीच दोन दिस जेवले नोहते तेव्हा. मले म्हणे, उपास हाय."

"आई, डॉक्टरनंच सांगितलं होतं, पेशंटले खूश ठेवा," प्रेरणा म्हणाली.

"अन् खोटं सांगा म्हणलं होतं?"

"तुह्यासाठीच केलं ना वं आम्ही!" प्रेरणा रडायला लागली. "तू बरी झाली होती. ऑपरेशन झालं, बाटल्या झाल्या, डॉक्टर म्हणाले आता काही दिसत नाही. मंग कायले सांगाचं?"

फाइल चाळणारे डॉक्टर मध्येच थांबले. "दर तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं यांना. शेवटचा कागद मागच्या पोळ्याच्या सुमाराचा आहे. त्यानंतरचे कुठे आहेत?"

प्रेरणानं कपिलकडे बघितलं. कपिलनं नानाजीकडे. नानाजीनं फरशीकडे.

"बोल, कपिल," मैनाबाई म्हणाली.

"दसऱ्यापासून अपेक्षाचं पाहणं सुरू झालं, आई," कपिल हळू बोलत होता. "लोकं इचारत, मैनाबाई नागपूरले घडीघडी कायले जाते? एका ठिकाणी तर तोंडावर म्हणलं, मायच्या अंगात बिमारी असंल त पोरीच्याही येते. तिथं मोडलं. मंग बाबा म्हणले, एकदा पोरगी उजवू, मंग जाऊ. चार-सहा महिन्यानं काय फरक पडते..."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," नानाजी पुटपुटला.

मैनाबाईला आतापर्यंत राग होता तो फसवल्याचा. आता तो निराळाच झाला. दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी. ती मनात मोजत गेली. त्या सगळ्या महिन्यांत ती अपेक्षासाठी पातळं बघत हिंडली होती, पापड लाटले होते, व्याह्यांच्या पंक्तीला वाढलं होतं. भूक लागत नाही म्हणाली तर हेच लोक म्हणाले होते, उन्हाळा लागला.

"म्हंजे माह्या पोटात हे वाढून राह्यलं होतं," ती एकेक शब्द तोडून म्हणाली, "अन् तुम्ही गावोगाव बायोडाटा वाटून राह्यले होते."

"आई..."

"चूप! अन् याहून मोठी अक्कल पाह्य. डॉक्टर पोराचा मामा म्हणून दुसऱ्याकडं न्याचं नाही, अपमान होते. अन् मामा म्हणून त्याले रोग सांगाचा नाही, सोयरीक मोडते. मंग आणलं कायले मले इथं? चहा प्याले?"

बबिता पदराआड हसली की रडली, कळलं नाही. पण सगळ्यांत आधी पेटली ती अपेक्षा. आतापर्यंत ती भिंतीला टेकून उभी होती, तोंड पांढरं फटक पडलेलं.

"माह्यासाठी केलं म्हणता?" ती भावाला म्हणाली. "मले इचारलं होतं कोणी? भूक उन्हानं गेली समजून मी आईले म्हणत होते, उन्हात जाऊ नोको, अन् ते ऐकून तुम्ही माना हलवत. माह्या लग्नापायी आईच्या तपासण्या बंद केल्या, हे मले आज मामाच्या दवाखान्यात कळून राह्यलं! जन्मभर मी कोणत्या तोंडानं तो संसार करू, दादा?"

कपिल खाली बसला. चांगला पस्तिशी उलटलेला बाप्या, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. मैनाबाईला वाटलं, उठून याच्या डोक्यावर हात ठेवावा. वाटलं, आणि ठेवला नाही. त्याच्या रडण्याला माया दाखवायची तर आपल्या रागाचं काय करायचं? आजवर प्रत्येक वेळी तिचाच राग गिळून झाला होता. आज पोटात काहीच उतरत नव्हतं, तर रागही उतरणार नव्हता.

डॉक्टरांनी फाइल बंद केली. ती बंद झाल्याबरोबर कपिल डोळे पुसत उठला, सवयीनं दाराकडे वळला आणि हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जरा बाहीर येता का?"

"कपिल!" मैनाबाई अशी कडाडली की नर्स दारात आली. "आता त्या दाराबाहीर माह्याबद्दल एक शबद बोलला त पुन्हा मले आई म्हणजो नोको. जे बोलाचं ते इथं. ह्या खाटेपाशी."

डॉक्टर बाहेर गेले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि मैनाबाईच्या उशाशी बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर.

"मावशी, पक्कं सीटी स्कॅन झाल्यावर कळेल. पण मला दिसतं ते असं. अंडाशयाचा कॅन्सर पोटात पसरला आहे. आतड्यांवर बाहेरून त्याच्या गाठी बसल्या आहेत, त्यांनी आतडं दाबलं आहे. बहुतेक एकाहून जास्त ठिकाणी. म्हणून खालून काही जात नाही, आणि सगळं वर येतं."

"कापून निघते?"

"कधी निघतं, कधी नाही. कधी अडलेला भाग वळवून देतात, कधी आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथं पिशवी लावतात. कधी पोट उघडतात आणि काहीच करता येत नाही म्हणून बंद करतात. हे नागपूरचे सर्जन बघून सांगतील. कापायचं नसेल तर ओकारी आणि दुखणं कमी करायची इंजेक्शनं आहेत. त्रास बराच कमी होतो."

"बरी होईन का?"

प्रेरणानं डॉक्टरांकडे बघून मान हलवली, नका सांगू म्हणून. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं नाही. "बरं होणं आता नाही, मावशी. काही केलं नाही तर काही आठवडे. करता आलं तर काही महिने, कदाचित जास्त. पण उशीर नको. आतडं फुगून फाटायची भीती आहे. आजच निघायला हवं."

नानाजी खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. मैनाबाई छताकडे बघत होती. भीती वाटली तिला. का वाटू नये? पण तिला वाटलं होतं त्याहून कमी वाटली. दोन महिने आपलं अंग आपल्याला काहीतरी सांगतंय आणि आपण त्यालाच खोटं पाडतोय, त्यापेक्षा हे बरं होतं.

"मामा," नानाजी खिडकीकडेच तोंड करून म्हणाला, "हे तुम्ही दारव्ह्याले सांगान का?"

"नाही. नातं मंडपात, नानाजी. इथं मी डॉक्टर आहे. पेशंटचं मी बहिणीलाही सांगत नाही."

नानाजी वळला. आणि त्याच्या चेहऱ्यावर, मैनाबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, जरासं हायसं वाटलेलं दिसलं.

"मंग अवं, अशात काय म्हणतं... उद्या-परवाचीच त गोष्ट हाय. साठ लोकांले सांगून झालं. नळी लावली त आराम पडलाच हाय. रविवार होऊन जाऊ दे. सोमवारी भल्या पहाटी आपण नागपूरले..."

त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. कोणी अडवलं नाही त्याला. सगळे फक्त त्याच्याकडे बघत होते. कपिलसुद्धा.

"बाबा," कपिल म्हणाला, "बस करा आता."

मैनाबाई नवऱ्याला काहीच बोलली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्याच्याशी भांडावंसं वाटलं नाही, आणि ते नानाजीला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तो भिंतीपाशी जाऊन उकिडवा बसला.

"अपेक्षा, इकडं ये," तिनं लेकीला जवळ बसवलं. "मी आजच नागपूरले निघते. कापाचं का नाही ते तिथं माह्या कानानं ऐकीन अन् मीच ठरवीन. पण त्याच्याआधी दारव्ह्याले फोन कराचा हाय. झाकून सोयरीक कराची नाही मले. मोडलीही जाईन. तुही सोयरीक हाय, म्हणून तुले इचारते. करू?"

अपेक्षा आईकडे बघत राहिली. पोराशी ती रोज फोनवर बोलायची. पोरगा तिला आवडला होता, हे साऱ्या घराला माहीत होतं. तिनं ओठ चावला, कपिलच्या खिशातून त्याचा मोबाइल काढला, स्वतःच डोमाजींचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि आईच्या तोंडापाशी धरला.

"हां, कपिलभाऊ!" डोमाजींचा खणखणीत आवाज. "आमचे पाच पानं वाढतीन बरं का. नाशिकवाले येऊन राह्यले."

"मी मैनाबाई बोलते, डोमाजीभाऊ."

"अरे वा, नमस्कार, नमस्कार! तब्येत बरी हाय ना?"

"नाही. तेच सांगाले फोन केला. मले कॅन्सर हाय. दोन वर्षांपासून. घरच्यायनं मले सांगितलं नाही, अन् तुम्हालेही सांगितलं नाही. आता तो पोटात पसरला, आतडं बंद झालं. मी आज नागपूरले चालली. रविवारचं जमत नाही. पुढं करू, असं तुमचं मन असंल त करू. नसंल त तसं सांगा. पोरीत काही खोट नाही. अन् मी खोटं सांगून पोरगी देत नाही."

पलीकडे मागे कुठंतरी टीव्ही चालू होता तेवढा ऐकू येत होता. मग तोही बंद झाला.

"डोमाजीभाऊ? फोन ठेवला काय?"

"नाही, नाही, वहिनी. ऐकून राह्यलो." आवाज एकदम खाली आला होता. "लय वाईट झालं. तुम्ही काळजी घ्या. म्हणजे... असं करतो, घरात इचार करतो, पोराले इचारतो. अन् संध्याकाळी कपिलभाऊले फोन करून सांगतो. तुम्ही डोक्याले तरास करून घेऊ नोका."

फोन बंद करायला अपेक्षाचा हात पुढे आला. मैनाबाईनं तो मनगटाशी धरला आणि नाकातली नळी सावरत कोपरावर उठून बसली.

"इचार करा, डोमाजीभाऊ. चांगला करा, रागावणार नाही मी. पण कपिलले नाही. नानाजीलेही नाही. जे ठरंल ते मले सांगजा, भलं असो का बुरं. माहा नंबर हाय. कागुद-पेन घ्या."

"असू द्या वहिनी, आम्ही कपिलभाऊलेच..."

"कागुद घ्या म्हणते ना!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मैनाबाईनं दहाही आकडे सांगितले. सावकाश, एकेक, कुठंही न अडता.

"घेतला?"

"हो, घेतला."

"वाचून दाखवा."